घरात कुणालाच गाता येत नाही, आणि लेक दिवसभर डबे वाजवते

मुलुंडची_माई
मंडळी, विषय जरा पसरट आहे, सांभाळून घ्या.

लेक चार वर्षांची. घरात ना तिच्या बाबाला गाता येतं, ना मला. शाळेत समूहगीताला मी मागच्या रांगेत उभी राहून नुसते ओठ हलवायचे. पण पोरगी सतत काहीतरी वाजवत असते. कुकरची शिट्टी झाली की तोच सूर धरून 'ऊऊऊ' करते, डाळीचा डबा आणि साखरेचा डबा वेगळे वाजतात हे आम्हाला ओढून नेऊन ऐकवते. आरतीच्या वेळी टाळ तिच्याच हातात लागतात आणि नंतर काढून घेतले की भोकाड.

दीर म्हणतात, आत्ताच क्लासला घाला, कान तयार होतो. जवळच्या एका क्लासात चौकशी केली. तिथे या वयाच्या मुलांनाही पाऊण तास मांडी घालून बसवतात आणि पलटे, म्हणजे सुरांच्या ठरीव सरावाच्या ओळी, घोटून घेतात. मला काही ते पटेना. तर प्रश्न असा: ज्या घरात सुरातालाचं कुणालाच कळत नाही, त्या घरानं खेळता खेळता, फार पैसे न घालता काय करावं? तुमच्याकडे काय चालतं ते लिहा. कृपया ॲपच्या लिंका नकोत, स्क्रीन आधीच पोटभर आहे.

रातराणी७
वाचतेय. माझाही साडेतीन वर्षांचा तबलजी आहे, तबला सोडून सगळं वाजवतो.

तिरकस
क्लासला घालू नका. शेजाऱ्यांच्या कानांचा फुकट रियाज होईल. शुभेच्छा.

पेटीवाले_आजोबा
माई, मी आयुष्यभर पेटी शिकवली. पाच-सहा वर्षांच्या आतलं मूल घेऊन कुणी आलं की मी आधी आईवडिलांनाच विचारत असे, घरी कोण गातं? 'कुणीच नाही' म्हणाले की सांगायचो, मग आधी तुम्ही गा, पोराला नंतर आणा. लोकांना ते फी टाळण्याचं उलटं तंत्र वाटायचं.

आता कामाचं. पहिली गोष्ट पट्टीची, म्हणजे गाण्याचा 'सा' किती वर-खाली धरायचा त्याची. बाबालोक आरती लावतात पेटीच्या पांढरी एक नाहीतर काळी एक या पट्टीत, तीही खालच्या सप्तकात. लहान मुलाचा गळा तिथवर उतरतच नाही. मग पोर एकाच सुरावर पुटपुटतं नाहीतर सरळ ओरडतं, आणि आपण शिक्का मारतो, 'बेसूर आहे हो आमचं.' अहो, त्याला सूर लावायला जागाच ठेवली नाही तुम्ही! मूल आपणहून गाणं सुरू करतं तेव्हा ज्या सुरावर असेल, तो सूर धरायचा आणि आपण त्याच्याकडे जायचं. त्याला आपल्याकडे ओढायचं नाही. बाबांना तिथे जमत नसेल तर त्यांनी टाळ्या वाजवाव्यात, गाणं आईनं किंवा आजीनं घ्यावं.

दुसरं, गाण्याचा आवाका. या वयाच्या गळ्याला चार-पाच सूर सोयीचे. भोंडल्याची, झिम्म्याची, पाळण्याची गाणी घेऊन पेटीवर वाजवून पाहा. बहुतेक चाली तेवढ्यातच फिरतात आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा येते. त्या चाली गाता गाता पिढ्यांनी घासून गुळगुळीत केल्यात. सिनेमातलं गाणं मोठ्या, तयार गळ्यासाठी बांधलेलं असतं. ते कानावर पडू दे, नाचू दे त्यावर, पण 'म्हणून दाखव'चा आग्रह त्यात नको.

तिसरं, लय. लहान मुलांची आपली चाल मोठ्यांपेक्षा जलद असते. आपण सावकाश टाळ्या देत 'हं, माझ्याबरोबर' म्हणतो आणि ते पुढे पळतं. पळू दे. त्याच्या पावलांवर तुम्ही टाळी द्या. ठेक्याला नेमकं धरून राहणं हळूहळू येतं, तीन-चार वर्षांच्या पोराकडून त्याची अपेक्षा नको.

आणि चूक काढायची नाही. पुढच्या वेळी तुम्ही ती ओळ नीट म्हणा, एवढंच.

तिरकस
आजोबा, आदर ठेवून असहमत. डबे बडवणं गोड दिसतं, पण संगीत ही शिस्तीची विद्या आहे. कुमार गंधर्व अकरा-बाराव्या वर्षी मैफली गाजवत होते. लाडालाडात वय निघून जातं आणि मग दहावीत 'छंद: गायन' लिहायला पोरं मोकळी.

पेटीवाले_आजोबा
कुमारांचंच उदाहरण घेतलंत ते बरं झालं. ते घरात रेकॉर्डी ऐकून मोठमोठ्या गवयांची हुबेहूब नक्कल करायचे. वडील स्वतः गाणारे, घरात गाणं होतंच. बी. आर. देवधर मास्तरांकडे ते शिकायला गेले ते त्यानंतर. म्हणजे आधी कान, मग खेळ, मग गुरू. शिस्त नको असं मी कुठे म्हटलं? ती कुठल्या पायरीवर यावी एवढाच वाद आहे.

वरणभात
आमच्याकडे स्वयंपाकघरातला ताल चालतो, तो देते. माझे वडील पखवाज वाजवायचे, त्यांनी आम्हाला असंच शिकवलं आणि आता मुलं तेच करतात.

तालाचे बोल पाठ करायचे नाहीत, खाण्याचे शब्द म्हणायचे. एक अक्षर म्हणजे एक मात्रा, तालाचं एक माप.

दादरा, सहा मात्रा: बटाटा, टोमॅटो.
केरवा, आठ मात्रा: साबुदाणा, लिंबूपाणी.
रूपक, सात मात्रा: बटाटा, भाजी, पोळी.
झपताल, दहा मात्रा: भाजी, पुदिना, पोळी, बटाटा.

मुलांना 'तीन-दोन-दोन' सांगून काही कळत नाही, पण 'बटाटा भाजी पोळी' दोनदा म्हटलं की बसतं. टाळ्या शब्दाच्या पहिल्या अक्षरावर. रूपकात एक गंमत आहे. त्याची सम, म्हणजे पहिली मात्रा, 'खाली'च्या (टाळी नसलेल्या) जागी येते, म्हणजे 'बटाटा'च्या 'ब'वर टाळी नाही, नुसता हात उलटा करायचा, आणि टाळ्या 'भाजी' आणि 'पोळी'वर. मोठ्यांचे हात तिथे हमखास चुकतात, मुलांचे चुकत नाहीत. माझा धाकटा बाबाला पकडतो, 'बटाट्यावर टाळी नाही!'

आमच्याकडे हे पोळ्या लाटताना चालतं. मी लाटण्यानं पोळपाटावर, थोरली ताटलीवर, धाकटा नुसता पायानं. मध्येच कुणीतरी 'आता झपताल' ओरडतं आणि पोळी करपते.

मुलुंडची_माई
वरणभात, दंडवत! आज रात्रीच सुरू. 'बटाटा टोमॅटो' वाचल्या वाचल्या लेकीनं पाठ केलंय, आता बाबाला शिकवतेय.

दुपारची_झोप
दुसरी बाजूही सांगतो. मुलाला सहाव्या वर्षी तबल्याला घातलं होतं, आमच्या भागातल्या एका नावाजलेल्या क्लासात. त्याला आवड होती, मारूनमुटकून नव्हतं. पण तिथे पहिल्या महिन्यापासून सगळी गाडी प्रारंभिकच्या परीक्षेवर. परीक्षेला जे येतं तेच वाजवायचं, तेही वहीत आधी लिहून. एकदा यानं घरी केरव्याचा जरा वेगळा ठेका बसवला आणि मोठ्या हौसेनं तिथे वाजवून दाखवला. 'अभ्यासक्रमात नाही' एवढंच उत्तर मिळालं. पुढच्या वर्षी प्रवेशिका प्रथमचा फॉर्म आला तेव्हा हा म्हणाला, नको. मी बोलायला गेलो तर त्यांनी मला निकालाची टक्केवारी दाखवली.

परीक्षा मुळात वाईट नाहीत. पुढे विशारदच्या परीक्षेपर्यंत जायचं तर हवाच तो रस्ता. पण क्लास निवडताना एकच विचारा: तासातली किती मिनिटं मूल स्वतःच्या मनानं वाजवतं? समोरचा गोंधळला तर उठा. आमचा तबल्यातला डग्गा सध्या स्टूल म्हणून वापरात आहे.

म्हापसेकर
गोंयकाराची भर. आमच्याकडे चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दिवसांत मुलांना वेगळं काही शिकवावं लागत नाही. घुमट आरत्या सुरू झाल्या की लहान पोरं मोठ्यांच्या मांड्यांमधून आत शिरतात. आधी हातात येतं कांसाळं, म्हणजे मोठी झांज. नुसतं 'छण' करत बसायचं, पण सगळ्यांबरोबर. मग थोड्या वर्षांनी घुमट, आणि शामेळ हे तालवाद्य सगळ्यात शेवटी, कारण ते वाजवायला काठ्या लागतात.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: घुमट म्हणजे मातीचं भांडं, दोन्हीकडे तोंडं. मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं, छोटं उघडं. उजव्या हातानं कातड्यावर वाजवायचं आणि डाव्या तळव्यानं छोटं तोंड झाकायचं-सोडायचं. त्यानं आवाज घुमतो, नाव तिथूनच आलं असणार. पूर्वी कातडं घोरपडीचं असे. वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते बंद झालं, आता बकऱ्याचं लावतात. २०१९ मध्ये गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य जाहीर केलं.

माईंसाठी घरगुती उपाय: गेल्या उन्हाळ्यातला मातीचा माठ असेल तर तो आडवा मांडीवर घ्या आणि तोंडावर तळवा पसरून हलकेच मारा. 'धुम्' येईल. तळवा लगेच उचलला तर एक आवाज, तसाच ठेवला तर दुसरा. मुलांचा तास कसा जातो कळत नाही. तळाशी सतरंजी घाला म्हणजे माठ फुटणार नाही. (फुटला तरी माठच तो.)

कान_नाक_घसा
घाईत एवढंच लिहितो. आरत्या, घुमट, माठ, डबे सगळं छान. पण ढोल-ताशा पथकासमोर लहान मुलांना खांद्यावर घेऊन उभे राहू नका. ताशाचा तीक्ष्ण आवाज जवळून फार मोठा असतो. लांब उभे राहा आणि मुलांच्या कानांवर आवाज अडवणारी मोठी झाकणं घाला, लहान मुलांसाठीची बाजारात मिळतात. बॅटरीवरची काही खेळणीही कानाशी धरली की त्रासदायक ठरतात, स्पीकरवर जाड चिकटपट्टी लावली की काम होतं. आणि मूल हाकेला वळत नसेल किंवा बोलणं मागे पडलं असेल तर 'गाण्यात रमतं की' म्हणून गप्प बसू नका, ऐकण्याची तपासणी करून घ्या.

राईनकाठी
जर्मनीतून. इथल्या बालवाडीत आणि संगीतशाळांत कार्ल ऑर्फ या संगीतकाराची वाद्यं दिसतात. त्यातला झायलोफोन मला फार आवडला, कारण त्याच्या पट्ट्या सुट्या असतात. नको असलेले सूर शिक्षिका सरळ उचलून बाजूला ठेवते. उरलेल्यांवर पोरानं कसंही बडवलं तरी कानाला गोडच लागतं, चुकीचा सूर लागायची सोयच नाही.

आणि ती कुठल्या पट्ट्या काढते? पाहिलं तेव्हा मला हसूच आलं. आपल्या हिशेबानं मध्यम आणि निषाद. उरले सा रे ग प ध. म्हणजे बाईंनी पोरांच्या हातात भूप राग दिला होता! मी घरी मुलीबरोबर तेच करते. मी आजीकडून ऐकलेलं एखादं पाळण्याचं गाणं त्या पाच सुरांत गाते, ती मन मानेल तसं वाजवते. पंधरा मिनिटं मैफल.

साधा खेळण्यातला झायलोफोन घ्यायचा असेल तर दुकानात वाजवून बघूनच घ्या. स्वस्तातल्या रंगीत खेळण्यांचे सूर बरेचदा चक्क चुकलेले असतात. अशानं कान बिघडतो की नाही ते आजोबा सांगतील, पण ऐकायला तर आपल्यालाच लागतं ना.

पेटीवाले_आजोबा
रोज तेच ऐकलं तर बिघडतो. त्यापेक्षा डबे बरे, ते सूर असल्याचा आव आणत नाहीत.

भूपाचं छान सांगितलंत. आपल्याकडेही शिकवायला सुरुवात बहुतेक भूपानंच होते, त्याचं एक कारण हेच.

मुलुंडची_माई
ताजी खबर. शनिवारी दुपारी जलतरंग मांडलं. चिनी मातीच्या वाट्या, दोन लाकडी चमचे, तांब्याभर पाणी. पहिला धडा मलाच मिळाला: पाणी वाढवलं की सूर खाली जातो. लेक ते दोन मिनिटांत शिकली आणि 'जाडा आवाज', 'बारीक आवाज' अशी वाट्यांची रांग लावली. मग तिनं शहाणपणा केला. बाटलीत पाणी घालून वरून फुंकर मारली आणि ओरडली, 'आई, ही उलटी आहे!' खरंच, बाटलीत पाणी वाढवलं की सूर चढत होता. बाबा गुगलायला गेलाय. कुणाला माहीत आहे का?

फिजिक्सवाला_मामा
सोप्पं आहे. वाटीवर मारता तेव्हा वाटीच्या कडा थरथरतात. पाणी घातलं की त्या थरथरीला वजन लागतं, ती मंदावते, म्हणून सूर उतरतो. बाटलीत फुंकता तेव्हा आतली हवा थरथरते. पाणी वाढलं की हवेला जागा कमी, म्हणून सूर चढतो. आता तीच बाटली चमच्यानं वाजवायला सांगा. ती सुलटी होईल! एकाच बाटलीचे दोन स्वभाव बघून लेक आणखी ओरडेल.

मीठभाकर
सगळे वाजवण्याबद्दल लिहितायत, मी शब्दांबद्दल लिहिते. माझ्या आजीला गाणं 'येत' नव्हतं. ती दळताना ओव्या म्हणायची. चाल एकच, शब्द रोज नवे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखभर ओव्या जमवल्या, आता 'पारी' या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी ऐकायलाही मिळतात. ऐकून पाहा, एकीचाही गळा 'तयार' नाही आणि कुणाचं काही अडलेलंही नाही.

आमच्या घरी जातं नाही, पण ओवी आहे. शाळेला निघायच्या वेळी, जेव्हा एकमेकांवर खेकसायची वेळ असते तेव्हा. कालची अशी:

पहिली माझी ओवी
मोजा हरवला त्याला,
एक कपाटात
एक मांजरीनं नेला.

दुसरी ओवी लगेच मुलानं जोडली, त्यात मांजर शाळेत गेली आणि बाई तिच्यावर रागावल्या. यमक जुळलं नाही तर त्या जागी 'गं बाई' घालायचं, आजीसुद्धा तेच करायची. मोजा सापडला की नाही ते विचारू नका.

रातराणी७
मीठभाकर, तुमची ओवी उचलली. आमच्याकडे दात घासण्याची ओवी तयार झाली आहे, पण ती इथे लिहिण्यासारखी नाही.

मिरजेची_वाट
मिरजेत मामाकडे सुट्टीत जायचो. तिथे तंतुवाद्यं करणाऱ्यांची गल्लीच आहे. भोपळे रचलेले, लाकडाचा भुसा, आणि कुठूनतरी एक तार सारखी लागत असते. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. या दिवाळीत पोरांना घेऊन गेलो. एका कारागिरानं माझ्या मुलीला तानपुऱ्याच्या भोपळ्याला कान लावून बसायला सांगितलं आणि स्वतः तार छेडली. मग घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, तारेखाली असलेला दोरा किंचित सरकवला. त्याला जवारी लावणं म्हणतात. दोरा एका जागी असताना तार नुसतीच 'टण्ण' करत होती, केसभर सरकला आणि आवाजाला असा काही झणकार आला की मुलीनं कान काढून भोपळ्यात वाकून पाहिलं. आत कोण आहे ते बघायला.

तानपुरा विकत घ्या असं म्हणत नाही. पण वाद्य करणारा माणूस मुलांनी एकदा तरी पाहावा. ढोलकीला शाई भरणारे, टाळ ओतणारे, कुणीही चालेल.

तिरकस
बरं, मी मऊ पडलोय असं कुणी समजू नये. पण काल भाचे आले होते, त्यांच्यावर वरणभात यांचा प्रयोग करून पाहिला. दादरा-केरव्यानं त्यांचं भागेना म्हणून तीनताल बसवला. सोळा मात्रा:

साबुदाणा, लिंबूपाणी, पाणीपुरी, बालुशाही.

तिसऱ्या खणाला, म्हणजे तिसऱ्या शब्दाला, खाली येते, हात उताणा करायचा. तिथे पाणीपुरी मुद्दाम ठेवली आहे. भय्यासमोर हात तसाच धरतात. भाच्यांना ते न सांगताच कळलं.

पेटीवाले_आजोबा
वा! तिरकसराव, पुढच्या गुरुपौर्णिमेला तुमच्याकडे पेढे घेऊन येतो.

वरणभात
धमार राहिला हो. चौदा मात्रा, पाच-दोन-तीन-चार. वडिलांचा लाडका ताल, पण पाच अक्षरी पदार्थ काही केल्या सुचत नाही.

मुलुंडची_माई
बटाटेवडा!

बटाटेवडा, भाजी, पुदिना, लिंबूपाणी. मोजून पाहिलं, बरोब्बर चौदा. खाली कुठे येते?

वरणभात
पुदिन्यावर.